ते पान मी का काढले नाही

डि मॉईन, आयोवा
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर आईने मला विचारले, "एवढे एक पान काढून टाकले असतेस तर काय बिघडले असते?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रश्न तू काळजीने विचारला होतास, हे मला कळत होते. लेक परदेशात, तिच्या पुस्तकावरून गावात सभा भरते, तिचे नाव वर्तमानपत्रात येते, हे वाचून कोणत्या आईला झोप लागेल? पण या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून आज सकाळी नवे प्रकरण बाजूला ठेवून पत्र लिहायला बसले आहे.

आधी त्या पानाविषयी सांगते. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली मुलगी चौदा वर्षांची आहे. आयोवातल्या एका लहान गावात राहणारे मराठी कुटुंब, घरी येणारे-जाणारे चार ओळखीचे लोक, आणि त्यांतल्या प्रत्येक पुरुषाला मुलांनी "काका" म्हणायचे, ही इथली आपल्या लोकांची रीत. त्यांतलाच एक काका तिच्याशी जे वागतो, ते ती सात महिने कोणाला सांगत नाही. पान १३९ वर ती ते आईला सांगते. आई कणीक मळते आहे, हात पिठाने भरलेले आहेत, आणि मुलगी मराठीत बोलायला सुरुवात करून मध्येच थांबते, कारण जे घडले त्यासाठी घरात कधी उच्चारलेला एकही शब्द तिच्याजवळ नाही. शेवटी शाळेतल्या समुपदेशक बाईंकडून शिकलेले इंग्रजी शब्द वापरून ती दोन वाक्ये बोलते. त्या दोन वाक्यांत काय घडले ते स्पष्ट आहे. त्यापलीकडे पुस्तकात कुठेही वर्णन नाही.

ही दोन वाक्ये मी किती वेळा लिहिली, ते सांगितले तर तुम्हाला खरे वाटणार नाही. तुम्हाला ठाऊकच आहे की मी पहाटे साडेचारला उठून साडेसहापर्यंत लिहिते, मग डबे, मुलाची शाळा आणि कॉलेजातले माझे तास. कादंबरीला साडेतीन वर्षे लागली आणि खर्डे सहा झाले. पहिला खर्डा बाबांच्या सवयीप्रमाणे पाठकोऱ्या कागदांवर. पहिल्या दोन खर्ड्यांत ती दोन वाक्ये नव्हतीच. तिथे मी फक्त "तिने आईला सगळे सांगितले" एवढे लिहून पुढे गेले होते. माझ्या संपादक बाईंनी समासात पेन्सिलीने एवढेच विचारले होते की आपण लेखिका म्हणून इथे नजर का वळवली. तो प्रश्न मला झोंबला, कारण तो खरा होता. बारा ते अठरा या वयाच्या मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला सगळ्यांत सोपे काय असेल, तर नेमक्या जागी दार लावून घेणे. ज्या मुलीवर असा प्रसंग आला आहे, तिला "सगळे सांगितले" या शब्दांचा काहीच उपयोग नसतो. सांगायचे म्हणजे कोणत्या शब्दांत सांगायचे, इथेच तर तिचे घोडे अडलेले असते.

आता कायद्याचे सांगते. मे २०२३ मध्ये या राज्यात कायदा झाला की शाळेच्या ग्रंथालयात "लैंगिक कृतीचे वर्णन वा चित्रण" असलेले कोणतेही पुस्तक ठेवता येणार नाही. पहिलीच्या मुलाला आणि बारावीच्या मुलाला एकच मोजपट्टी. पुस्तक कशाबद्दल आहे, ते कोणत्या हेतूने लिहिले आहे, हे पाहण्याची तरतूद नाही. सूट आहे ती धर्मग्रंथांना. वारंवार नियम मोडला तर शिक्षकाच्या परवान्यावर गदा येऊ शकते, म्हणून शाळांनी कायद्याच्या शब्दांपेक्षाही चार पावले पुढे जाऊन कपाटे रिकामी केली. एका मोठ्या प्रकाशन संस्थेने, चार नामांकित लेखकांनी आणि इथल्या शिक्षक संघटनेने त्याविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने या तरतुदीला स्थगिती दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती उठवली, आणि गेल्याच महिन्यात जिल्हा न्यायालयाने पुन्हा स्थगिती दिली. या न्यायाधीशांनी आपल्या पहिल्याच आदेशात नोंदवले आहे की शेकडो पुस्तके काढली गेली आणि त्यांत लैंगिक अत्याचारापासून स्वतःचा बचाव कसा करावा हे मुलांना सांगणारी पुस्तकेही होती. ती ओळ वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

माझे पुस्तक ज्या शाळेतून निघाले, तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला पुस्तकांची खोकी दाखवली. केळ्यांची खोकी असतात तशीच, त्यावर जाड पेनाने तारीख घातलेली. माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. एकीचा कणा उसवला होता, म्हणजे ती वाचली गेली होती. बाई सव्वीस वर्षे त्या नोकरीत आहेत. खोके बंद करताना चिकटपट्टी नीट बसेना, तेव्हा त्यांनी ती तीनदा काढून पुन्हा लावली आणि त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्यानंतर शाळा मंडळाची सभा झाली, जिची बातमी तुम्ही वाचलीत. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. माझ्याआधी एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी पान १३९ ची झेरॉक्स वाचून दाखवली, फक्त ती दोन वाक्ये. कणीक मळणारी आई त्यात नव्हती, सात महिने नव्हते, पुढच्या पानावर ती आई हात न धुताच फोन उचलते तेही नव्हते. मी त्यांना विचारले, पुस्तक वाचलेत का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की वाचले नाही. आई, त्यांची काळजी खोटी होती असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना बारा वर्षांची मुलगी आहे आणि तिने काय वाचावे हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे. तो मी कधीच नाकारला नाही. पण त्यांच्या मुलीने वाचू नये म्हणून त्या शाळेतल्या कोणत्याच मुलीच्या हाती ते पडू नये, ही मागणी मला मान्य नाही.

आणि हा फरक मला तूच शिकवला आहेस. १९९३ मध्ये मी तेरा वर्षांची असताना गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली होती, ती तू माझ्या दप्तरातून काढून घेतलीस. ओरडली नाहीस. दोन रात्री जागून ती पूर्ण वाचलीस आणि मग मला म्हणालीस, "अजून दोन वर्षांनी वाच." मी रुसले होते, ते तुला आठवत असेल. पण दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला आपण दोघी गेलो, तेव्हा तू ग्रंथपाल बाईंना "हे कपाटातून काढा" असे म्हणाली नाहीस. पुस्तक पुन्हा जागेवर गेले. पंधराव्या वर्षी मी ते तुझ्या परवानगीने आणले, तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर मधल्या काळातले अकरा नवे शिक्के होते. मी ते बोट ठेवून मोजले होते. अकरा वाचकांना तुझ्या नकाराची झळ लागली नव्हती. सभेत तीन मिनिटांत मी जे बोलले, ते एवढेच. साताऱ्यातल्या एका शाळामास्तरणीचे नाव न घेता बोलले, पण माझ्यासमोर तूच होतीस.

बाबा, तुम्ही इतकी वर्षे त्या वाचनालयाचे मानद कार्यवाह होता, दाखल नोंदवही अजूनही तुमच्याच अक्षरात आहे. म्हणून तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या "श्यामा" या कथेची हकिगत तुमच्याच तोंडून मी ऐकली होती: "रंभा"च्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती छापली गेली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ते निकालपत्र मी आता मुळातून वाचले. त्यात किशोरवयीन वाचकाचा विचार आहे. एखाददुसऱ्या वाचकाचे काय होईल हे न पाहता, ज्या वर्गाच्या हाती लिखाण पडते त्या वर्गाची नीती त्याने बिघडते का हे पाहावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. निकालाची तारीख २५ ऑगस्ट १९६९. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच डि मॉईन गावच्या मुलांचा निकाल दिला होता. व्हिएतनाम युद्धातल्या मृतांसाठी दंडाला काळी फीत बांधून ती मुले शाळेत गेली म्हणून त्यांना घरी बसवले होते. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. शाळेच्या फाटकापाशी विद्यार्थी आपले हक्क टाकून देत नाहीत, असे न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले.

ग्रंथपालांचे म्हणाल तर तेही याच गावचे. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख फॉरेस्ट स्पॉल्डिंग यांनी ग्रंथालयाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, नोव्हेंबर १९३८ मध्ये इथल्या ग्रंथालयाने तो मान्य केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने तो स्वीकारला. लेखकाच्या वंशामुळे वा मतांमुळे पुस्तक नाकारू नये, हे त्याचे सूत्र. तीच संघटना आक्षेपांची मोजदाद ठेवते. २००१ ते २०२० या काळात वर्षाला सरासरी २७३ पुस्तकांवर आक्षेप येत; २०२४ या एका वर्षात २,४५२ पुस्तकांवर आले, आणि त्यांतले बहुतेक एकट्यादुकट्या पालकाचे नसून संघटित गटांचे आणि पदाधिकाऱ्यांचे होते. तेव्हा आई, हे माझ्या एका पानाचे भांडण असते तर कदाचित मी तुझे ऐकलेही असते.

कदाचित म्हणते, कारण एक चिठ्ठी आहे. प्रकाशकांच्या पत्त्यावर आली, आठ घड्या घातलेली, रेघी वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली, नाव-गाव काही नाही. त्यात इतकेच होते की पान १३९ तिने उघडून आईपुढे ठेवले आणि आई ते वाचेपर्यंत ती जिन्यात बसून राहिली. पुढे काय झाले ते लिहिलेले नाही. मी रोज पहाटे टेबलाशी बसते, तेव्हा तो जिना माझ्या डोळ्यांपुढे असतो. ते पान काढले असते, तर त्या मुलीने आईपुढे काय ठेवले असते?

मला धमकीवजा तीन-चार पत्रे आली, हे खरे आहे. ती मी पोलिसांकडे दिली आहेत आणि आता सारे शांत आहे. तिसऱ्या कादंबरीचा चौथा खर्डा चालू आहे. जूनच्या शेवटी मुलाला घेऊन येईन. बाबांनी गुडघ्याच्या व्यायामाला बुट्टी मारू नये.

सोबत पान १३८ ते १४१ चे मराठी जोडले आहे. ते मीच केले, आणि त्या दोन वाक्यांपाशी मी माझ्या कादंबरीतल्या मुलीसारखीच अडले. आपल्या घरात कधी न उच्चारलेले शब्द मला शोधावे लागले. आई, ते आधी तू एकटीने वाच, त्या वेळी वाचले होतेस तसे, पूर्ण. मग ते पान काढायला हवे होते असे तुला वाटले, तर रात्री कितीही वाजता फोन कर. मी जागी असेन.

तुमची
लेक