त्या तक्त्यात कुलाबा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाटचालीचा तक्ता पाहिला. १९५० चा ॲलन ट्युरिंगचा लेख त्यात आहे, १९५६ ची डार्टमाउथची परिषद आहे. पुढे तो थेट आजच्या चॅटजीपीटीवर येतो. मुंबईत छापलेल्या तक्त्यात संगणकशास्त्रज्ञ रंगस्वामी नरसिंहन यांचे नाव नसावे, याचे फार वाईट वाटले.

नरसिंहन मूळचे मद्रासचे. अमेरिकेत गणितात पीएचडी करून १९५४ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. भारतात आरेखन झालेला पहिला मोठा संगणक त्यांच्या गटाने कुलाब्यात उभा केला. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या) आणि मेमरी अवघी २,०४८ ‘शब्दां’ची, म्हणजे जेमतेम तेवढ्या संख्या मावतील एवढी! १९६० मध्ये तो सुरू झाला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. एवढे तरी अधूनमधून छापून येते. पुढचे येत नाही.

त्यानंतर काही वर्षे ते इलिनॉय विद्यापीठात होते. बबल चेंबर म्हणजे सूक्ष्म कणांच्या वाटा बुडबुड्यांनी दाखवणारे, द्रवाने भरलेले उपकरण; त्यात कणांनी उमटवलेल्या रेषांची छायाचित्रे तिथे ढिगाने जमत आणि माणसांना ती डोळे ताणून तपासावी लागत. हे काम यंत्राने करावे कसे? नुसते साच्याशी जुळवून नव्हे, असे नरसिंहन यांचे म्हणणे. वाक्य शब्दांचे बनते, तसे चित्र रेषा, टोके आणि फाट्यांचे बनते; ती रचना यंत्राला ओळखता आली पाहिजे. चित्रालाही व्याकरण असते, हा विचार मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांत ते होते.

पण मी पत्र लिहिते आहे ते त्यांच्या नंतरच्या कामासाठी. मुंबईत परतल्यावर ते भाषेकडे वळले. मूल बोलायला शिकते कसे, याचा शोध घेताना एका तमिळ घरातल्या चिमुकलीचे घरच्यांशी चाललेले बोलणे त्यांनी सहकाऱ्याबरोबर बारकाईने अभ्यासले. भाषा म्हणजे नुसता नियमांचा संच नव्हे, ते वर्तन आहे, म्हणजे माणसांत वावरताना करायची कृती आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९८१ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तकही आले.

मी तीस वर्षे बालवाडीत शिकवले. घरी भोजपुरी, तेलुगू बोलणारी मुले दिवाळीपर्यंत मराठी बोलू लागत, आणि ते काही माझ्या बडबडगीतांमुळे नव्हे. ‘सरक ना’, ‘माझंय ते’, ‘बाई, हा बघा मारतो’ हे आधी यायचे, कारण त्याची गरज तिथल्या तिथे असायची. अफाट मजकूर वाचून बोलणाऱ्या यंत्राला भाषा खरोखर कळते का, यावर आज जगभर वाद झडतात. त्या वादात आमच्या वर्गातल्या या मुलांचीही बाजू आहे, आणि ती नरसिंहन यांनी कधीच मांडून ठेवली होती.

‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ या देशातल्या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष, १९७७ चे पद्मश्री. २००७ मध्ये ते गेले. जन्म १९२६ चा, म्हणजे २०२६ हे शताब्दीचे वर्ष. टिफ्रॅकचे जे काही सुटे भाग उरले असतील, ते वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुलांना पाहायला ठेवावेत, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा. आणि तो तक्ता पुन्हा छापाल, तेव्हा १९६० समोर कृपया ‘कुलाबा, मुंबई’ लिहा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, माहीम