लाल निशाण दिसलं तर पुढे जाऊ नये, एवढं तरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डार्टमूरवरचा, म्हणजे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या उघड्या, उंच माळावरचा लेख वाचला. लेखकाची भाषा चांगली आहे. मराठी पेपरात डेव्हनवर अर्धं पान आलं, याचा इथे डेव्हनमधल्याच एक्झिटर शहरात बसून मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. दोन वाक्यं कालपासून डोक्यातून जात नाहीत. एक, ओकहॅम्प्टन म्हणजे ‘चहा पिऊन पुढे निघण्याचं गाव’. दुसरं, ‘वर माळावर वाटेल त्या दिशेनं भटका, अडवणारं कोणी नाही’. पहिल्याचा राग आला. दुसऱ्यानं धास्तावले, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

ओकहॅम्प्टनच्या दक्षिणेला जो माळ सुरू होतो, त्याचा मोठा भाग लष्कराच्या गोळीबार-सरावासाठी आहे. खरा दारूगोळा वापरतात. हाय विलहेज (621 मीटर) हे दक्षिण इंग्लंडमधलं सर्वांत उंच ठिकाण आणि त्याच्या शेजारचा येस टॉर (619 मीटर; टॉर म्हणजे माथ्यावर खडक असलेली टेकडी), दोन्ही त्याच हद्दीत येतात. सराव असेल त्या दिवशी टेकड्यांवर लाल निशाण चढतं, रात्री लाल दिवे लागतात, आणि हद्दीच्या खांबांपलीकडे पाऊल टाकायचं नसतं. सरावाच्या वेळा आधी जाहीर होतात, निघण्यापूर्वी पाहता येतात. बाकीच्या दिवशी खुशाल जावं. फक्त गवतात धातूचं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नये, तशा पाट्याही आहेत. तुमच्या अर्ध्या पानात यातलं अवाक्षर नाही. स्कोन नावाच्या इथल्या गोड पावावर जॅम आधी लावायचा की क्रीम, यावर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

‘कळसूबाई चढलेल्यांना हे टेकाड म्हणजे किस झाड की पत्ती’, हेही वाक्य लेखात आहे. उंचीचा हिशोब बरोबर आहे. पण सह्याद्रीत पायवाट मळलेली असते, खाली वाडी दिसते, चुकलं तर गुरं राखणारं कोणीतरी भेटतं. इथे वर झाड नाही, घर नाही, चारही बाजूंना सारखंच गवत. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. गवताखाली काळी भुसभुशीत पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती असते, पाणी धरून ठेवणारी, आणि जिथे सगळ्यात हिरवं, गुळगुळीत दिसतं तिथेच पाय गुडघ्यापर्यंत जातो. इथली माणसं उन्हाळ्यातसुद्धा नकाशा आणि होकायंत्र घेऊन निघतात. लष्कर 1960 पासून ‘टेन टॉर्स’ नावाची मोहीम भरवतं, हल्ली मे महिन्यात. शाळा-कॉलेजातली सुमारे 2400 मुलं सहा-सहाच्या गटांनी ओकहॅम्प्टनच्या छावणीतून निघतात आणि दोन दिवसांत 35, 45 किंवा 55 मैल चालतात. त्याआधी ही मुलं महिनोन्महिने सराव करतात, ते या टेकाडासाठीच.

आता ‘चहाच्या गावा’बद्दल. हा विषय माझ्या जिव्हारी लागण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझे वडील पुण्याहून एका प्रवास कंपनीच्या सहलीबरोबर आले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. माहितीपत्रकात ‘डार्टमूर दर्शन’ असं ठसठशीत छापलं होतं. वडील आयुष्यभर दर रविवारी सिंहगड चढलेले, त्या दोन शब्दांसाठी त्यांनी ती सहल निवडली. बस ओकहॅम्प्टनला थांबली. स्वच्छतागृहाची रांग, सुपरमार्केटातून बिस्किटं, पुन्हा बस. वडिलांनी मान वर करून माळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘‘तिथे वर कधी जायचं?’’ सहल-व्यवस्थापकानं सांगितलं, ‘‘काका, प्रोग्रॅममध्ये नाहीये ते. पुढच्या थांब्यावर गाडीतूनच छान दिसेल.’’ त्यांनी मला फोन केला. मी ऑफिसात होते, तासाभराच्या अंतरावर, काहीच करता आलं नाही. तक्रारीचे शब्द ते कधी वापरत नाहीत. ‘‘अगं, दार दाखवून परत फिरवलं’’ एवढंच म्हणाले. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली होती! चालू शकणाऱ्या माणसाला बसमध्ये कोंडून ‘दर्शन’ घडवायचं आणि वर सवलत द्यायची, हा धंदा तुमच्या लेखासारख्या लेखांवर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण वाचकाला कोणी सांगतच नाही की या गावातून पायी निघता येतं.

पुढे ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी त्यांना एक्झिटरहून रेल्वेनं नेलं. (हेही लेखात नाही. 1972 मध्ये बंद झालेली नियमित गाडी 20 नोव्हेंबर 2021 पासून पुन्हा रोज धावते. मोटार भाड्यानं घ्यायची काही गरज नाही.) स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या बाजूला आहे. आम्ही छावणीच्या रस्त्यानं चढलो आणि समोर येस टॉरच्या डोक्यावर लाल निशाण. वडील म्हणाले, ‘‘एवढ्या लांबून आलोय, थोडं पुढे जाऊन बघू.’’ तेवढ्यात माळाच्या पोटातून एक जड, दबका आवाज आला. मग दुसरा. पुढे न बोलता आम्ही वळलो.

आणि म्हणून दिवस फुकट गेला का? मुळीच नाही. खाली उतरून ईस्ट ओकमेंट नदीची वाट धरली. रेल्वेच्या जुन्या पुलाखालून ती ओकच्या झाडीत शिरते. धोंडे, बुंधे, फांद्या, सगळ्यांवर ओलं शेवाळ, आणि पाणी चहाच्या रंगाचं, वरच्या पीटमुळे. वडील एका धोंड्यावर बसले, बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि लगेच वर ओढले, इतकं गार. तिथून चढून बेलस्टोन गाव. त्याच्या वरच्या माळावर ‘नाइन मेडन्स’ नावाचं दगडांचं प्राचीन वर्तुळ आहे. रविवारी नाचल्या म्हणून शिळा झालेल्या मुली, अशी त्याची कथा. नाव नऊचं असलं तरी दगड जास्त भरतात. वडिलांनी ते सगळे हात लावून मोजले.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी स्टेशनपासूनच ‘ग्रॅनाइट वे’ निघतो. जुन्या रेल्वेमार्गावरची ही वाट लिडफर्डपर्यंत 11 मैल जाते. मेल्डनच्या 1874 च्या लोखंडी पुलावरून पायी जाता येतं, खाली खोल दरी आणि बाजूला धरण. गुडघेदुखीवाल्या आजीलाही पुलापर्यंत नेऊन आणावं. गावाच्या दुसऱ्या अंगाला वेस्ट ओकमेंटकाठी पडका नॉर्मन किल्ला आहे, तिथेही झाडीतून चालतच जायचं. ‘टार्का ट्रेल’ आणि ‘डार्टमूर वे’ या लांब वाटाही याच गावातून जातात. 1086 च्या ‘डोम्सडे’ या इंग्लंडच्या राजाच्या जमीन-नोंदवहीत इथल्या बाजाराचा उल्लेख आहे. माळ आणि खालची शेतं यांच्या सीमेवर बसलेलं हे गाव आहे, आणि वाटा इथे येऊन मिळतात त्या त्याचमुळे. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा ‘ओएल 28’ क्रमांकाचा नकाशा घ्यावा. त्यावर पायवाटाही आहेत आणि गोळीबार-क्षेत्राची हद्दही.

आणखी एक चूक दुरुस्त करा. ‘डार्टमूरवर तंबू ठोकायला आता बंदी आहे’ असं लेखात छापलंय. जानेवारी 2023 मध्ये हायकोर्टानं जमीनमालकाच्या बाजूनं निकाल दिला होता, हे खरं. त्याच वर्षी जुलैत अपील कोर्टानं तो फिरवला आणि 21 मे 2025 रोजी सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की 1985 च्या डार्टमूरविषयीच्या कायद्यानं दिलेल्या माळावर फिरण्याच्या हक्कात तिथे मुक्काम करणंही येतं. ठरलेल्या भागात, पाठीवरचा छोटा तंबू घेऊन, मागे काही न ठेवता. या हक्कासाठी इथली माणसं थंडीत माळावर मोर्चानं गेली होती. त्यांनी राखलेलं एका वाक्यात पुसून टाकू नका.

ता.क. मागे मी यॉर्कशरचा फोटो कॉर्नवॉलच्या नावाखाली छापल्याबद्दल पत्र पाठवलं होतं. त्यातल्या फक्त कौतुकाच्या ओळी तुम्ही छापल्या आणि चूक तशीच राहिली. या वेळी जागेअभावी कापायचंच झालं तर वडिलांचा भाग कापा, मला वाईट वाटणार नाही. लाल निशाणाचा परिच्छेद मात्र पूर्ण ठेवा, आणि शाळांच्या सुट्ट्या लागून लोक विमानात बसण्याआधी छापा.

आपली,
एक नियमित वाचक, एक्झिटर