समुद्र पोटात घालतो, पण कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बडोद्याच्या विश्वामित्री नदीत काहीही सोडलं तरी शेवटी समुद्र सगळं पोटात घालतो,’ असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात लिहिलं होतं. अपराध पोटात घालायला समुद्र म्हणजे काही आई नव्हे.

दिवाळीत आम्ही गुहागरला होतो. ओहोटीला ओल्या वाळूवर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या उमटल्या होत्या. नातीने तिथे वीतभर खड्डा खणला. वर पिवळसर वाळू, खाली करडी, आणि सडक्या अंड्यांचा वास. ‘आजी, शी!’ म्हणत ती पळाली. प्राणवायू वरच्या थरातच संपल्याची ती खूण.

भरतीचं पाणी या वळ्यांवरून जाताना चढाच्या बाजूला दाब जास्त असतो, माथ्यामागे कमी. त्या फरकाने पाणी वाळूत शिरतं आणि माथ्याजवळून बाहेर येतं. सोबत नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातून आणि खतांतून येणारं नायट्रोजनचं विरघळलेलं संयुग, तेही आत ओढलं जातं. वाळूच्या कणांना चिकटलेले जिवाणू प्राणवायू नसला की नायट्रेटवर श्वसन करतात. त्यातला नायट्रोजन वायुरूपाने हवेत परततो. चिखलात हेच घडतं, पण तिथे पाणी वाहत नाही, नायट्रेट झिरपत जेमतेम काही मिलिमीटर पोचतं. वाळूत सेंद्रिय अंश कमी, म्हणून शास्त्रज्ञही तिला बरीच वर्षं ओसाड समजत. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या वाडन समुद्रातल्या मोजमापांनी हा समज बदलायला मदत केली.

आता आपलं बघा. विश्वामित्री ढाढरला मिळते, ढाढर खंभातच्या आखाताला, आणि तिथे गाळच गाळ. गुहागरच्या भरवशावर बडोद्याने राहू नये. त्यात युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोहून जास्त नायट्रोजन. पिकाने घेतला नाही तो पावसाबरोबर तिकडेच निघतो. आणि चांगल्या वाळूवरही बारीक गाळ बसला की छिद्रं बुजतात.

म्हणजे वाळूचं काम इथेच करायला हवं. सांडपाणी शुद्धीकरणात हवा मारलेल्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट होतं. जोडीला बिनहवेची टाकी नसेल, तर ते बरंचसं तसंच नदीत जातं, पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी. नदीच्या बातम्यांत आपण बीओडीचा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचा, आकडा देता. त्याच्या शेजारी एकूण नायट्रोजनचाही मागवून छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे