पावशेराचा भाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कमी पैशांत सकस आहार कसा घ्यावा यावर लेख आला होता. लेख वाईट नव्हता. महिन्याचा किराणा एकदम भरा, मोठे पॅक घ्या, मॉलमधल्या सवलतींवर नजर ठेवा, नाश्त्याला ओट्स आणि सकाळी चार भिजवलेले बदाम. बदामापर्यंत वाचलं, तेवढ्यात चहा उतू गेला म्हणून उठले. परत बसले ती हे पत्र लिहायलाच.

मी सोलापुरात, पूर्व भागात, एका किराणा दुकानात नऊ वर्षं कामाला आहे. सकाळी दहा ते रात्री आठ. वजन करायचं, पुड्या बांधायच्या, उधारीची वही लिहायची. आमचे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. घरात आम्ही पाच जण: आम्ही दोघं, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. दोघांचे मिळून महिन्याला बावीस हजार येतात, टॉवेलला उठाव नसला की अठरा. त्यातले साडेसात हजार खाण्यापिण्याला, दूध-भाजी धरून. म्हणजे काटकसर घरीही करते आणि दुकानात दिवसभर दुसऱ्यांची बघतेही.

लेखात राहून गेलेली गोष्ट आमच्या काट्यावर रोज दिसते. पूर्व भागात पगार आठवड्याला होतो, शनिवारी. शनिवारी संध्याकाळी बायका किलोने डाळ नेतात, बुधवारी त्याच बायका पावशेर मागतात, शुक्रवारी दहाची चहापूड. एकदम किराणा भरावा हे त्यांनाही कळतं. एकदम पैसे कुठून आणायचे, ते कोणी लिहीत नाही.

आणि पावशेर महाग पडतो. गेल्या महिन्याचे आमच्या दुकानातले भाव सांगते. तूरडाळ किलोला १३०, पावशेर ३५. साखर किलोला ४४, पावशेर १२. शेंगदाणे किलोला १४०, पावशेर ३८. मालकांचंही चुकत नाही, पिशवी लागते, हात लागतो, सांडलवंड होते. पण घरात महिन्याला चार किलो डाळ, तीन किलो साखर, दोन किलो दाणे लागत असतील आणि सगळं पावशेराने नेलं, तर ४०, १२ आणि २४ असे ७६ रुपये जादा जातात. चहाच्या दहा-दहाच्या पुड्यांत आणखी पासष्टेक. झाले १४१. अंडं सात रुपयांना आहे. म्हणजे महिन्याला वीस अंडी नुसती सुट्ट्या खरेदीत जातात.

तेलाचं तर विचारूच नका. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटर, हे डोळे झाकून ठरलेलं होतं. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता त्याच आकाराच्या पिशवीत कोणी ८००, कोणी ७५० ग्रॅम भरतं. परवा एक अक्का आल्या. १५० ची पिशवी ठेवून त्यांनी १३० ची उचलली, वीस रुपये वाचले म्हणून खूश. मी पिशवी उलटी करून त्यांना बारीक छपाई दाखवली. त्या १३० च्या पिशवीत ७५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सतरा पैशांच्या वर. दुसरी, पूर्ण लिटरची, साडेसोळा पैशांत पडत होती. पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे किती पैसे पडतात ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे. छापलेलंही असतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तेही पिशवीच्या शिवणीवर. अक्कांना चष्मा लावूनही दिसलं नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा मालक माझ्याकडे बघत होते, ते सोडा.

रेशनचं म्हणाल तर आमचं कार्ड केशरी. धान्य फुकट मिळायला शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९,००० च्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. ही मर्यादा २०१३ ची आहे. त्यात बसायचं तर आमच्यापैकी एकाने घरी बसायला हवं आणि दुसऱ्याने अर्धा दिवस कामाला जायला हवं. शेजारच्या अव्वांना मिळतं, माणशी पाच किलो. त्या मात्र दुपारी सूप घेऊन बसायच्या आणि तांदळातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिक' म्हणून निवडून फेकायच्या. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे होते, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं होतं, शंभर दाण्यांत साधारण एक. अंगणवाडीच्या ताईंनी समजावल्यावर थांबल्या. तोवर औषध उकिरड्यावर.

तर मार्ग काय काढला ते सांगते. आमच्या गल्लीत बारा जणींनी धान्याची भिशी लावली आहे, पाच वर्षं झाली. दर शनिवारी प्रत्येकीने दोनशे रुपये द्यायचे. इतर भिशीसारखी चिठ्ठी निघत नाही. पैसे पोस्टात राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, रब्बीची ज्वारी बाजारात आली की, सगळ्यांचे एकदम निघतात. वर्षाचे १०,४०० होतात. यंदा ३८ च्या भावाने मालदांडी मिळाली, म्हणजे पावणेतीन क्विंटलला १०,४५०. पन्नास रुपये वरून घातले, टेम्पो आणि हमाली वेगळी. तीच ज्वारी दिवाळीला आमच्याच दुकानात ५० ने विकली जाते. गहू ३५ ला आहे, हे लक्षात घ्या. सासूबाईंच्या लहानपणी चपाती सणाला व्हायची, भाकरी रोजची. आता हॉटेलात भाकरी चपातीपेक्षा महाग. जिल्ह्यात रान उसाने खाल्लं, ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, मग दुसरं काय होणार.

पहिल्या वर्षी फजिती झाली तीही सांगायला हवी. घाईघाईत ज्वारीला एकच ऊन दिलं आणि कोठीत भरली. गणपतीपर्यंत टोके, म्हणजे किडे, पडले. पन्नासेक किलो चाळून-पाखडून वाळवली, त्यातलीही बरीच कोंबड्यांना गेली. मला चार दिवस घास उतरला नाही. आता कडक उन्हात तीन दिवस, दाण्यावर दात मारला की कट्ट वाजला पाहिजे, मग थंड करून कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचे थर देऊन पत्र्याच्या कोठीत. गरम भरली तर पुन्हा घाम धरते.

दळण मात्र आठवड्यापुरतंच. ज्वारीच्या पिठाला फार दिवस झाले की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. पंधरा दिवसांचं एकदम दळून बायका ज्वारीला नावं ठेवतात.

सासूबाईंना दात नाहीत. त्यांच्यासाठी गिरणीतून थोडी ज्वारी भरडून आणते. त्याच्या कण्या मीठ घालून मऊ शिजवायच्या, वरून ताक. मुलगा पूर्वी नाक मुरडायचा, आता आजीच्या ताटलीत चमचा घालतो.

भाजी रात्री आठनंतर घेते, दुकान सुटल्यावर. तेव्हा बायका टोपली आवरायच्या घाईत असतात आणि वीसचा वाटा दहाला देतात. तांदुळजा, अंबाडी, शेपू, थंडीत करडई. कोमेजलेली असते थोडी, पण अर्धा तास पाण्यात ठेवली की डोकं वर काढते. अंबाडीत मूठभर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटली की एका जुडीत पाच जण जेवतात. तूरडाळ १३० आणि हुलगे (कुळीथ) ८०, म्हणून आठवड्यातून दोनदा हुलगेच. एकदा मोड आणून उसळ, एकदा पिठाचे शेंगोळे. शेंगोळ्यांना लसूण हात आखडून घालू नका, नाहीतर पोरं ताट सरकवतात.

आणि शेंगा. सोलापूरकराला शेंगाचटणी शिकवायला नको, पण हिशेब सांगते. दोन अंड्यांना चौदा रुपये, त्यात बारा ग्रॅम प्रथिनं. पावशेराच्या महाग भावानेसुद्धा शंभर ग्रॅम दाणे पंधराला, त्यात पंचवीस ग्रॅम. चटणी मात्र खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायची. मिक्सरमध्ये तिचं कूट होतं, चटणी होत नाही. यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि मिक्सरवाल्या पक्षात मुलगी एकटीच आहे.

तिचंच सांगायचं होतं. मागल्या पावसाळ्यात ती जिना चढताना धापा टाकायला लागली. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन नऊ निघालं. डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या आणि जेवणात काय असतं ते विचारलं. मी भाकरी, पालेभाजी, उसळ सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, जेवल्यावर काय? जेवल्यावर चहा. आमच्याकडे भाकरीचा शेवटचा घास आणि चहाचा पहिला घोट यात अंतरच नसायचं. चहामुळे भाजीतलं लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं, असं त्यांनी सांगितलं. मग चहा तासभर पुढे ढकलला आणि ताटात लिंबाची फोड आली. गोळ्या आणि ती फोड मिळून चार महिन्यांत साडेअकरा झालं. चहा पुढे ढकलायला एक पैसा लागला नाही. मिस्टरांचा राग तेवढा सोसावा लागला.

मुलाचं दुखणं वेगळं. रोज दहा रुपयांची कुरकुरीत पुडी. महिन्याचे तीनशे, म्हणजे दोन लिटर तेल. पुडी तेवढीच दिसते, आतला माल दरवर्षी कमी, बाकी हवा. मी स्वतः ती पोरांना विकते, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही. २०२३ च्या शेवटाला शाळेत आठवड्याला अंडं सुरू झालं होतं, त्या दिवशी तो शाळा बुडवायचा नाही. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीत वर्गणी गणपतीची निघते, अंड्यांची कोण काढणार? म्हणून घरी रविवारी अंडाकरी करते, दहा अंड्यांची.

आता विनंती. आपल्या पेपरात रोज बाजारभाव येतात, ते क्विंटलचे. क्विंटल आमच्या घरी वर्षातून एकदाच येतो, तोही बारा जणींच्या जिवावर. त्याच कोपऱ्यात आठवड्यातून एकदा तूरडाळ, मूग, हुलगे, दाणे, साखर, तेल आणि ज्वारी यांचे किरकोळ भाव द्या, किलोचा आणि पावशेराचा शेजारी शेजारी. तेलाचा भाव पिशवीचा देऊ नका, शंभर ग्रॅमचा द्या. रब्बीची ज्वारी मार्केट यार्डात यायला लागली की तेही दोन ओळींत कळवा, म्हणजे भिशीचे पैसे कधी काढायचे ते आम्हाला कळेल. अक्षर जरा मोठं ठेवा. आणि शनिवारी छापलंत तर बरं, कारण पगार शनिवारी होतो.

आपली नम्र,
किराणा दुकानातली एक कामगार, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती. मालक आपलाच पेपर वाचतात.)