ट्रम्पेट शिकवायला निघालेल्या मुलीस

नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या शाळेच्या बँडपथकाला ट्रम्पेट शिकवण्याची नोकरी तू स्वीकारलीस, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र यापुढे स्वतः कार्यक्रमांत वाजवणे बंद करणार, असेही तू त्याच पत्रात लिहिले आहेस, आणि त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

शिकवणे हे प्रतिष्ठेचे काम आणि वराती, मिरवणुका ही पोटासाठीची धावपळ, अशी वाटणी तुझ्या मनात झालेली दिसते. डीजे आल्यापासून वरातींची कामे कमी झाली, हे खरेच आहे. पण वाजवण्याचे कारण केवळ बिदागी नव्हे.

ट्रम्पेटला पिस्टन तीनच. दुसरा दाबला की स्वर अर्ध्याने उतरतो, पहिल्याने पूर्ण स्वराने आणि तिसऱ्याने दीड स्वराने, एवढे कोणतेही मूल चटकन पाठ करते. परंतु एकही पिस्टन न दाबता त्याच नळीतून सा, प, वरचा सा, ग आणि प काढायचे ते केवळ ओठांच्या ताणावर आणि श्वासावर, आणि ते शिकवणाऱ्याने समोर वाजवून दाखवल्याशिवाय मुलाला कळत नाही. खालच्या रे साठी पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र दाबला की स्वर किंचित चढा येतो व तिसऱ्याची सरकती नळी पुढे ढकलून तो खाली आणावा लागतो. ज्याचा रोजचा रियाज सुटला त्याच्या कानाला तो चढेपणा हळूहळू खपू लागतो, आणि मग वर्गातली सगळी मुले चढा रे वाजवू लागतात. ज्यांची १८६४ मधली अभ्यासमाला आपण दोघांनीही गिरवली, ते फ्रेंच शिक्षक आर्बां स्वतःही कॉर्नेटचे, म्हणजे ट्रम्पेटच्याच जातीच्या वाद्याचे, नावाजलेले वादक होते.

मिरवणुकीने मला जे शिकवले ते वर्गात मिळाले नसते. वाकडी बारवेपासून गोदाघाटापर्यंत ढोलांच्या गजरात वाजवताना जो माउथपीस ओठांवर दाबून जोर काढतो त्याचे ओठ अर्ध्या वाटेत सुन्न होतात. श्वास पोटातून घेऊन जितके वाजवले तितके थांबणारा शेवटपर्यंत टिकतो. उन्हात वाद्य तापून चढते आणि २६ जानेवारीच्या सकाळी गारठून उतरते. झेंडावंदनाला तुझ्या मुलांना उभे करण्यापूर्वी वाद्यात नुसती उबदार फुंकर घालायला लाव आणि त्यानंतरच स्वर जुळवून घे. पुढचे पक्के दात आलेले नसतील अशा मुलाच्या हाती, पालकांनी कितीही आग्रह केला तरी, ट्रम्पेट देऊ नकोस. त्याला तोवर ताल आणि गाणे शिकवावे. शाळांना संचलनाची घाई असते, त्यामुळे यावरून वाद होतील, पण तिथे माघार घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे.

अनंत चतुर्दशीला आमच्या पथकात दुसऱ्या ट्रम्पेटची जागा रिकामी आहे. ती मी अजून कोणाला दिलेली नाही. आदल्या रात्रीच निघालीस तर सकाळी एकत्र सराव करता येईल. येताना पिस्टनचे तेल घेऊन ये, माझ्याकडचे संपत आले आहे.

तुझे
बाबा