मराठी प्रवेशिका अर्ध्यातच तोडल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन प्रवेशिका विभाग

प्रेषक : संपादक, गावपातळीवरील शेतीपत्रक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

दि. ९ डिसेंबर २०२५

विषय : संवाद पुरस्कार स्पर्धेची आमची प्रवेशिका पोर्टलने अपुरी साठवल्याबाबत

महोदय,

ग्रामीण संवाद विभागासाठी आम्ही १९ नोव्हेंबरला रात्री १०.४० वाजता प्रवेशिका भरली. शुल्क ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, असे ४,१३० रुपये आपल्याकडे जमा झाले. पैसे पूर्ण पोचले, प्रवेशिका मात्र पूर्ण पोचली नाही. आमचा सारांश १,४१२ कॅरॅक्टरचा होता आणि आपली मर्यादा १,५०० ची. पोर्टलने तो ५४८ वर तोडला आणि पुढचा मजकूर टाकून दिला. तोडण्याआधी विचारलं नाही, तोडल्यावर कळवलं नाही. यावर मी दोनदा ईमेल केला, चारदा फोन केला. आता रीतसर पत्र लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण आपल्या दोन्ही उत्तरांवरून ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. आम्ही बारा जण, त्यात सात बाया, मिळून दर महिन्याला चार पानांचं शेतीपत्रक काढतो. आमचा भाग कपाशीचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ते दिवस आम्ही जवळून पाहिले आहेत. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी आता दाद देत नाही, त्यामुळे भीतीपोटी माणूस पंप उचलतो आणि गरज नसताना फवारत सुटतो. कधी फवारायचं यापेक्षा कधी फवारायचं नाही हे सांगणं आम्हाला जास्त गरजेचं वाटलं. एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायचे, सकाळी पतंग मोजायचे, सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ च्या वर पतंग आले तरच औषधाचा विचार करायचा. डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमललेलं फूल, दिसली की तोडून अळीसकट नष्ट करायची. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पुढच्या बोंडांसाठी उभी ठेवलेली कपाशी, ठेवायची नाही. एवढीच मोहीम होती. पण ती वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत कशी न्यायची, हा खरा प्रश्न होता.

त्यासाठी आम्ही शाळेच्या भिंतीवर औषधाच्या डब्यावरचे चार त्रिकोण रंगवले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल वाचता येत नसलं तरी रंग कळतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज संध्याकाळी पतंगांचा आकडा लिहिला. पोडांवरच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरच्या, कोलाम बांधवांसाठी दीड मिनिटाच्या ध्वनिफिती कोलामीत केल्या, बाकीच्या वऱ्हाडीत. कोलामी बोलणाऱ्या दोन बायांनी त्या स्वतः रेकॉर्ड केल्या, चुकल्या तिथे पुन्हा बोलल्या. ४१ शेतकऱ्यांनी हंगामभर मोजणीच्या वह्या ठेवल्या. ज्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, त्यांनी रोजचा आकडा लिहिला. मला विचाराल तर पुरस्कार त्या वह्यांना मिळायला हवा.

आता प्रवेशिका कशी तयार झाली ते ऐका. आमचं पत्रक यवतमाळच्या एका प्रेसमध्ये छापलं जातं. तिथे अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये जुळणी होते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं नुसतं चित्र असतं, मागे इंग्रजी की-बोर्डाचीच चिन्हं असतात. तिथला मजकूर उचलून आपल्या फॉर्मात टाकला की मराठीची भलतीच खिचडी दिसते. म्हणून मी चार रात्री बसून सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टंकला. दोनदा लाईन गेली, तेव्हा मोबाइलवर टंकला. नमुन्यांच्या पीडीएफला आपली मर्यादा १० एमबीची, आमचे चार अंक मिळून ३८ एमबी भरत होते. भिंतीचे फोटो लहान केले, अंकांची दोन-दोन पानं एकत्र केली, तेव्हा ते बसले. ध्वनिफिती चढवायला मी संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसायचे, कारण रेंज तिथेच येते. आपल्या पोर्टलवर फाइल मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते. एक फीत चौथ्या खेपेला गेली. ध्वनिफितीची भाषा निवडायच्या यादीत कोलामी नव्हती, 'इतर' निवडावं लागलं. यातल्या कशाचीही मी तक्रार केली नसती. गावात राहून काम करायचं तर एवढं धरूनच चालावं लागतं.

तक्रार सारांशाची आहे. सारांश लिहायला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. अशा स्पर्धेत परीक्षक तोच आधी वाचतात, हे आपल्याच नियमपुस्तिकेत लिहिलं आहे : उद्दिष्ट, योजना, अंमलबजावणी, परिणाम, याच क्रमाने. म्हणून परिणाम शेवटी लिहिले. वह्यांमधून काय दिसलं, मोजणी करणाऱ्यांनी कोणत्या फवारण्या टाळल्या, पोडांवर काय बदललं, सगळं शेवटी. मी तो मजकूर चिकटवला तेव्हा पानावरच्या मोजकाने १,४१२/१,५०० दाखवलं आणि हिरवी खूण दिली. मी सबमिट केलं. गटात सगळ्यांना कळवलं. एका म्हाताऱ्या सभासदाने साखर वाटली.

पाच दिवसांनी पोचपावतीची पीडीएफ उघडली. सारांश असा संपत होता : 'शेतकऱ्यांनी स्वतः मोजणी करावी म्हणून एकरी २ कामगं'. पुढे काही नाही. 'सापळे' तर सोडाच, 'कामगंध' हा शब्दही पुरा नाही. वह्या नाहीत, भिंत नाही, पोड नाही, परिणाम नाहीत. कोलामी ध्वनिफित करणाऱ्या बाईला मी ती पीडीएफ वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाई, आमी तं यात आलोच नाई ना. मंग पाठवलं काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आमच्या गावची एक मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. ती सुटीत आली होती, तिने एका दुपारी कारण शोधून काढलं. तिने समजावलं ते इथे लिहिते, कारण आपल्या मदत कक्षाला ते ठाऊक नसावं. संगणक मजकूर बाइटमध्ये साठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजीच्या एका अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या एका चिन्हाला ३. आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'बोंडअळी' हा शब्द आम्ही चार अक्षरांत वाचतो. संगणकाला त्यात ७ चिन्हं दिसतात, म्हणजे २१ बाइट. आपल्या पानावरचा मोजक चिन्हं मोजतो. मागे जिथे मजकूर साठतो तिथे मात्र १,५०० बाइटची मर्यादा लावली आहे. आमच्या तुटलेल्या सारांशात देवनागरीची ४७६ चिन्हं आहेत, त्यांचे झाले १,४२८ बाइट. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं मिळून ७२, त्यांचे ७२ बाइट. बेरीज बरोबर १,५०० येते. मग तिथेच तोडलं.

खात्री करण्यासाठी आम्ही दुसऱ्या एका विभागात कच्ची प्रवेशिका उघडली, त्याची मुदत तेव्हा बाकी होती. सारांशाच्या चौकटीत इंग्रजी 'ए' १,५०० वेळा टाकला : सगळे राहिले. मग 'क' १,५०० वेळा टाकला : ५०० राहिले, १,००० गेले. दोन्ही वेळा पानावर तीच हिरवी खूण. आम्ही कापूस विकणारी माणसं आहोत. काट्यावर एक वजन दाखवायचं आणि वहीत दुसरं लिहायचं, याला आमच्याकडे काटा मारणं म्हणतात. आपण हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण माहिती झाल्यावरही दुरुस्त करायचं नाही, हे मुद्दामच ठरतं.

कारण मी ही सगळी माहिती आपल्याला २६ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये दिली होती, चाचणीच्या चित्रांसकट. उत्तर इंग्रजीत आलं : प्रवेशिका मुदतीत आणि यशस्वीपणे मिळाली आहे, शुल्क परत होत नाही, तिकीट बंद. दुसऱ्या ईमेलला उत्तर आलं की चांगल्या अनुभवासाठी मजकूर इंग्रजीत भरावा. या दुसऱ्या उत्तराने मला जास्त लागलं. आपल्या नियमपुस्तिकेत कोणत्याही भारतीय भाषेत प्रवेशिका चालेल असं ठळक छापलं आहे. तो नियम वाचूनच आम्ही पैसे भरले. ज्या माणसांना इंग्रजी येत नाही त्यांच्याशी बोलण्याचंच आमचं काम आहे. त्याचा सारांश इंग्रजीत करायचा झाला तर 'डोमकळी' आणि 'फरदड' यांचं काय करायचं, हे उत्तर पाठवणाऱ्याने एकदा बसून बघावं.

आणि हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड या लिप्यांच्या चिन्हांनाही ३ बाइटच लागतात. म्हणजे भारतीय भाषेत सविस्तर सारांश लिहिणारा प्रत्येक जण कापला गेला असणार, आणि बहुतेकांना अजून पत्ता नसेल. पोचपावती मिळाल्यावर ती शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतो? अशा प्रवेशिका शोधणं आपल्याला कठीण नाही. ज्या सारांशांची साठवण १,४९८ ते १,५०० बाइटवर संपली आहे तेवढ्या काढा. त्यातले बरेच सारांश अर्ध्या शब्दावर थांबलेले दिसतील.

परीक्षणाची पहिली फेरी १५ डिसेंबरला सुरू होते आहे. त्याआधी आमचा पूर्ण सारांश परीक्षकांच्या हाती द्या. तो या पत्रासोबत पुन्हा जोडला आहे, १९ तारखेला भरला तसाच, एक शब्दही बदललेला नाही. ज्यांच्या प्रवेशिका अशाच तुटल्या त्या सगळ्यांना कळवा आणि त्यांनाही पूर्ण मजकूर देण्याची संधी द्या, नुसतं आमचं काम करून गप्प बसू नका. साठवणीची मर्यादा पानावरच्या मोजकाशी जुळवा. आणि सबमिट करण्याआधी जे साठलं आहे तेच भरणाऱ्याला दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाला पाच दिवसांनी कळणार नाही. १५ तारखेपूर्वी सारांश देता येत नसेल, तर ४,१३० रुपये परत करा. ते गटाच्या मासिक वर्गणीतले आहेत, ज्यात मजुरीवर जाणाऱ्या बायांनीही पैसे टाकले आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. माझ्या पहिल्या तक्रारीचा महिना २६ डिसेंबरला भरतो. तोवर काही झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. मला खरं तर आयोगाकडे जायचं नाही. सध्या वेचणी सुरू आहे, आणि फरदडीचा अंक १० जानेवारीच्या आत काढायचा आहे.

उत्तर कृपया मराठीत द्यावे, म्हणजे मला ते गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचता येईल.

आपली ग्राहक,
संपादक, शेतीपत्रक
(गटातील बारा सभासदांच्या वतीने)

सोबत : पूर्ण सारांश, पोचपावतीची पीडीएफ, 'ए' आणि 'क' च्या चाचणीची चित्रे, शुल्क भरल्याची पावती, आपली दोन्ही उत्तरे.