आई, तुझं उखळ देऊ का?

सोलापूर,
रविवार रात्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

रोज फोनवर बोलणं होतं, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. फोनवर बाबा दोन वाक्यांत विषय संपवतात आणि आई, तू नुसतं "बरं बरं" म्हणतेस. या गोष्टीत मला तुमचं "बरं बरं" नको आहे. दोघांनी मिळून शांतपणे वाचा, वाटल्यास वहिनीकडून वाचून घ्या. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणालात ना.

अप्पांनी पेठेतली त्यांची खानावळ विकली हे तुम्हाला दादाकडून कळलंच. त्यावर बाबा, तुम्ही म्हणालात, "आता तिकडं काय राहिलंय मग." तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. पुढचे तीन आठवडे मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही. तुम्ही दादाकडं पुण्याला गेल्यापासून दर रविवारी आपलं घर उघडायला येते, झाडलोट करते, नळाला पाणी आलं असेल तर टाकी भरून ठेवते आणि मागच्या बोळातून रिक्षा धरते. समोरून गेलं की खानावळ दिसते, म्हणून मागून.

शेवटच्या दिवशी मात्र मी होते. ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही. सोमवार होता, रात्रीची पंगत उठत आली होती. अक्का नेहमीसारखी चुलीपाशी नव्हती, बाहेर बाकावर बसली होती, हातात काही काम नसलेली. तिला तसं बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. अप्पांनी नेहमीसारखं कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का म्हणून. मी जेवून आले होते तरी नाही म्हटलं. त्यांनी स्वतः वाढलं. हुलग्याची उसळ, झुणका, कडक भाकरी, दही, चटणी. वाढताना त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता, टेबलाला धरून धरून वाढत होते. तेव्हा मला समजलं की यांनी खानावळ का विकली हे कुणाला विचारायची गरज नाही. मुलगा बेंगळुरूला आहे, तो काय परत येतोय! अप्पा आणि अक्का आता गावी, अक्कलकोटकडं, शेतातल्या घरात राहायला गेले आहेत.

व्यवहार कसा झाला ते बाबा, तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. जागा अप्पांचीच आहे, ती त्यांनी विकलेली नाही, भाडेकरार केला आहे. धंदा मात्र सामानासकट विकला. टेबलं, बाकं, पातेली, ज्वारीच्या कोठ्या, चुली, सगळं यादी करून दिलं. अन्नाचा परवाना काही विकता येत नाही, तो अप्पांच्या नावाचा होता. नव्या मालकानं स्वतःच्या नावानं नवा काढला आणि काउंटरमागे लावला आहे. भाकरी करणाऱ्या दोघी मावशींना कामावर ठेवायचं, ही अप्पांची अट होती आणि ती पाळली आहे. पाटी अजून तीच आहे, खाली फोन नंबर तेवढा बदललाय.

आणि एक गोष्ट यादीत नव्हती. उखळ. अक्कानं ते दिलं नाही. टेम्पोत सगळ्यात आधी तेच चढवलं, खाली गादी घालून. मला तिचं चूक वाटत नाही.

आता नवे लोक. नवरा-बायको आहेत, पस्तिशी-चाळिशीचे, शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू. त्याच्या वडिलांचे चार यंत्रमाग होते, चादरीचे. आपल्या चादरीची नक्कल करून पानिपतचा स्वस्त माल बाजारात यायला लागला, तसे एकेक माग बंद पडले. शेवटचे दोन त्यानं स्वतः भंगारात घातले. मग काही वर्षं पुण्यात एका हॉटेलात काम केलं. ती लग्नाआधीपासून विड्या वळायची, तिची आई अजून वळते, कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. दोघांनी तिथलं आणि इथलं सगळं जमवून ही खानावळ घेतली. हे मला नंतर कळलं. सुरुवातीला मला एवढंच माहीत होतं की "कुणीतरी पूर्व भागातल्यांनी घेतली" आणि पेठेत जो तो तेवढंच म्हणत होता, वरून, "त्यांना भाकरीतलं काय कळतंय." आई, मीही म्हटलं तसं. शेजारच्या काकूंजवळ म्हटलं. त्याचं आता वाईट वाटतंय.

चौथ्या रविवारी घर आवरता आवरता दोन वाजले. भूक लागली होती. गेले. बाबा, तुमची खिडकीजवळची जागा रिकामी होती, तिथंच बसले. थाळी आता 120 रुपये झालीय. भाकरी तीच, मावशींच्या हातची, कागदासारखी पातळ, मोडली की टच्च आवाज होतो. ज्वारी मंगळवेढ्याचीच मालदांडी आणतात, ते बदललेलं नाही. उसळीत तिखट जरा जास्त होतं, पण चालण्यासारखं. चटणी मात्र बोटांत घेतली तर भुरभुर खाली पडली. कोरडी. दाण्याचा कूट आणि तिखट, बस. दह्यात कालवली तरी ती दह्याची झाली नाही.

पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, मी त्यांना लहानपणापासून तिथं जेवताना पाहतेय. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हा काय भुसा वाढायलाव?" ती आतल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. पदरानं हात पुसत तिथंच उभी राहिली, आत जाईना, बाहेर येईना. आई, खरं सांगते, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. मला हेच हवं होतं, आमच्या अक्कासारखी चटणी कुणाला येत नाही हे. आणि दुसऱ्या क्षणी तिचा चेहरा पाहून घास गिळवेना.

कारण मला तू दिसलीस. मिल बंद पडली त्या वर्षीची. भोंगा बंद झाल्यावर पहिले काही दिवस बाबा पहाटे त्याच वेळी उठून बसायचे, आठवतं? देणी वर्षानुवर्षं अडकली. घरात दोन पोरं, एक सातवीत, एक पाचवीत. तेव्हा अप्पा आपल्या दारात आले आणि तुला म्हणाले, अक्काचा हात दुखतोय, चटणी तेवढी तुम्ही करून द्याल का. अक्काचा हात दुखत नव्हता. हे तुला तेव्हाच माहीत होतं, मला कळायला वीस वर्षं लागली. पहिल्या दिवशी तू पाच किलो कुटलीस आणि अप्पांनी डबा उघडून चव घेतली तेव्हा तू अशीच दारात उभी होतीस, पदरानं हात पुसत.

सहा वर्षं आपलं घर तुझ्या त्या उखळावर चाललं. माझी दहावीची फी, दादाचा आयटीआयचा प्रवेश, आजीचं औषध. सकाळी शाळेला निघताना मागच्या अंगणातून येणारा मुसळाचा आवाज ऐकला नाही तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

तर मी उठून आत गेले. तिला म्हटलं, चटणी कशात करता? म्हणाली, "मिक्सरमधी. अप्पांनी सांगितलेलं सगळं प्रमाण लिहून घेतलंय ताई, तसंच करायलोय, पण तसं होईना बघा." वही दाखवली. प्रमाण बरोबर होतं. मी म्हटलं, मिक्सर दाणा कापतो, उखळ चिरडतं. चिरडल्याशिवाय दाण्यातलं तेल सुटत नाही, आणि तेल सुटल्याशिवाय ती शेंगाचटणी नव्हे. जास्त फिरवलं तर गरम होऊन लगदा होतो, कमी फिरवलं तर कूट. मधली जागा मिक्सरला सापडत नाही. तिनं विचारलं, "मग उखळ कुठं मिळंल?" बाजारात मिळतात, पण नवीन दगड असतो, तो आधी धान्य कुटून कुटून मुरवावा लागतो, नाहीतर चटणीत कच येते. हे तूच सांगितलेलं.

मी तिला पुढच्या रविवारी आपल्या घरी बोलावलं. तुला न विचारता. रागावू नकोस. शेंगदाणे तिनंच आणले, अंगणात शेगडीवर मंद आचेवर भाजले, साल पाखडली. उखळ मी आदल्या दिवशीच धुऊन उन्हात वाळवलं होतं. दोन वर्षं उपडं होतं, आत कोळ्याचं जाळं झालं होतं, पण दगडाला अजून वास आहे, आई. ओला केला तेव्हा लसणाचा वास आला.

तुझ्याच क्रमानं केलं. आधी लसूण, जिरं, मीठ. ते एकजीव झालं की तिखट. दाणे शेवटी, आणि तेही कोमट असताना. मी पाच मिनिटं मुसळ चालवलं आणि खांदा भरून आला. तिनं घेतलं. पहिल्यांदा मुसळ आदळत होती, दाणे बाहेर उडत होते. मी म्हटलं, मारायचं नाही, नुसतं सोडायचं, त्याचं वजन त्याला करू दे. हेही तुझंच. थोड्या वेळानं तिचा हात लागला. मग मी तिला गप्प बसून ऐकायला सांगितलं. आधी खडखड असा कोरडा आवाज येतो, मग तो हळूहळू जड होतो, आणि एका क्षणी नुसतं धप्, धप्. तिनं थांबून माझ्याकडं पाहिलं. मी काही सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. आत पाहिलं तर चटणीचा गोळा कडेनं सुटून आला होता आणि मुसळाच्या लोखंडी कड्याला लालसर तेल लागलं होतं. तिनं बोटानं ते तेल पुसून चाखलं. तिच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं विडीचं पान वळून घट्ट झालेली आहेत, तिखट झोंबलं नाही. काही बोलली नाही. परत मुसळ हातात घेतलं.

ती चटणी सोमवारी खानावळीत वाढली. तेच म्हातारे गृहस्थ आले होते म्हणे. त्यांनी दोनदा मागून घेतली. बोलले काहीच नाहीत, पण तिला तेवढं पुरलं.

तर आई, विचारायचं ते हेच. उखळ त्यांना देऊ का? विकत नको, वापरायला. घर आहे तोवर अंगणात उपडं राहून काय करणार, आणि तू म्हणालीस तसं पुण्याला न्यायचं तर दादाच्या सहाव्या मजल्यावर तू एक दिवसही कुटू शकणार नाहीस, खालचे लोक वर येतील. मला माहीत आहे, आजीच्या माहेराहून बैलगाडीतून आलेलं ते उखळ आहे आणि सासूबाईंनी तुझ्या हाती दिलेली ती पहिली वस्तू. म्हणून तू नाही म्हणालीस तर मी परत एकदा विचारणारसुद्धा नाही. तिला सध्या आठवड्यातून एकदा आपल्या अंगणात येऊन कुटू दे, एवढी परवानगी तरी दे. ती पैसे देऊ करते आहे. मी घेतलेले नाहीत. घ्यायचे की नाही ते तूच सांग.

बाबा, तुम्ही म्हणता तिकडं काय राहिलंय. मला ते पटलेलं नाही, म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही माझ्या जन्माच्या वेळी, आई माहेरी असताना, तीन महिने दोन्ही वेळा तिथं जेवलात. मिल सुटल्यावर ज्या खिडकीत बसून तुम्ही बाहेर बघत होतात ती खिडकी तिथंच आहे, तिचं एक तावदान फुटलं होतं ते नव्यांनी बसवून घेतलंय. अप्पा नाहीत, हे खरं आहे आणि ते मलाही सलतं. "ऊटा आयता?" असं आता कुणी विचारत नाही. पण नवा मालक दुपारी जेवण संपल्यावर उरलेल्या भाकऱ्या बांधून देतो, मिलच्या चाळीतल्या दोन म्हाताऱ्या अजून येतात त्यांना, जसं अप्पा देत होते. त्याला हे कुणी यादीत लिहून दिलेलं नव्हतं.

जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला या. मी दादाशी बोलले आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं संध्याकाळी बसायचं, रात्री मी आणि हे स्टेशनवर घ्यायला येऊ. बाबांना गर्दीत नेणार नाही, नंदीध्वज आपल्या ओट्यावरून दिसतील तेवढे बघू. भोगीला बाजरीची भाकरी घरी करू आणि एक दिवस तिथं जेवू. गुरुवारी शेंगापोळी असते, ती अजून चालू आहे. बाबांनी अर्धी खायची, डॉक्टरांचं मी बोलून घेते.

उखळाचं काय ते दोन दिवसांत कळव. फोनवर सांगितलंस तरी चालेल, पण "बरं बरं" नको.

वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची,
लेक

ता. क. मुसळ मिळालं, पण उखळाखाली घालायचं ते जुनं गोणपाट सापडलं नाही. माळ्यावर पाहिलं, कोठीमागे पाहिलं. कुठं ठेवलंस?